चौथा टीव्ही

प्रिय बाबा,

आज मॅच आहे आणि माझा टीव्ही बंद आहे. तुम्ही असतात तर आधी माझी तब्येत विचारली असतीत. तब्येत बरी आहे, पण जीव एका जागी ठरत नाही. मघाशी चहा केला, तो ओट्यावरच राहिला. कपड्यांच्या घड्या करायला घेतल्या, त्याही अर्ध्यावर सोडल्या. तुमचे जावई म्हणाले, "काय घरभर फिरून राहिली? बस न एका जागी!" बसले, आणि परत उठले.

पांढुर्ण्याहून आईचा फोन येतो की नाही, याची वाट पाहतेय. तुमच्या घरचा टीव्ही आज लागला की नाही, ते त्या फोनवर कळणार आहे. तोवर करू काय? कोणाशी तरी भांडावंसं वाटतंय आणि भांडण तुमच्याशीच आहे, म्हणून हे लिहायला बसले.

गेलेल्या माणसाशी कोणी भांडतं का, असं म्हणू नका. जाताना तुम्ही संधी तरी कुठे दिलीत? पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, सकाळच्या वेळी, अंघोळीचं पाणी तापायला ठेवलेलं असताना गेलात. मी सौंसरहून पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं होतं.

तर, टीव्ही.

तुम्ही खताचं दुकान बंद केलंत आणि प्रशांतनं नागपूरहून तुमच्या फोनवर हे सगळे चॅनल लाइव्ह दाखवणारं प्रकरण सुरू करून दिलं. "बाबा, आता आरामात मॅच पाहा. केबलवाल्याच्या मागं लागायचं काम नाही," म्हणाला. तुम्ही काय केलंत? दुसऱ्याच दिवशी मला फोन! "वैशू, पेन घे. पासवर्ड लिही." लोधीखेड्याच्या आत्याला फोनवर जमेना, तर तुम्ही बसनं जाऊन तिचा टीव्ही लावून दिलात. प्रशांतकडेही चालू करायला लावलंत. तो कुरकुरला, "मी तुमच्यासाठी घेतलं होतं, बाबा." त्यावर तुम्ही म्हणालात, "मॅच का एकट्यानं पाह्याची गोष्ट हाये?"

आणि नावं! त्यात प्रत्येकाचं नाव टाकायची सोय असते, तिथं तुम्ही गावं टाकलीत. पांढुर्णा, सौंसर, नागपूर, लोधीखेडा. टीव्ही लावला की बसस्टँडवरची पाटी वाचल्यासारखं वाटायचं. मी हसले, तर म्हणालात, माणसं बदलत असतात, घर तिथंच राहते. आज ते वाक्य आठवलं की मला राग येतो, बाबा. हसूही येतं, पण राग आधी येतो.

भानगड एकच होती. एका वेळी तीनच टीव्ही चालायचे. चौथ्यानं लावला की काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं, आधी दुसरा कोणता तरी बंद करा. संध्याकाळी हे हमखास व्हायचं. आत्याचं कीर्तन, प्रशांतची मॅच, माझी मॅच आणि तुमचा टीव्ही. मग आमच्यापैकी जो अडेल तो तुम्हाला फोन करायचा.

"बाबा, लागून नाही राहिला."

"थांब, पाहतो."

की मिनिटभरात लागायचा! आम्हाला वाटायचं, बाबांना काहीतरी सेटिंग सापडलंय. आत्या तर अख्ख्या गल्लीत सांगत फिरायची, माहा भाऊ पांढुर्ण्यात बसून बटन दाबते अन् माह्या घरी टीव्ही लागते. बटन दाबत होतात हे खरंच. पण कोणतं, ते मला काल कळलं.

मॅच रंगात आली की तुमचा फोन. "काय चालून राहिलं?"

"तुमच्याकडे नाही दिसत का, बाबा?"

"दिसते न, पण अटकून अटकून येते. नेट स्लो हाये इकडे. तू सांग."

मग मी सुरू व्हायची. डावखुरा आलाय, फील्डर मागं नेलाय, उंच मारला, आहे कोणी खाली, आहे, आहे... सुटला! तुमचा तिकडून "अरे देवा!" यायचा. जेवणाची ताटं वाट पाहत राहायची आणि तुमचे जावई म्हणायचे, झाली कॉमेंट्री सुरू. तुम्ही विचारायचातही किती बारीक! लेग साइडला कोण उभा हाये, बॉलर थकलेला वाटते का, बॅटिंगवाला क्रीजच्या बाहेर उभा राहून खेळून राहिला का. मला पडद्याजवळ जाऊन पाहावं लागायचं. खरं सांगू? एकटीनं पाहते तेव्हा मॅच मला अर्धीच दिसते.

त्या नेटसाठी मी तुमच्यावर किती चिडले, आठवतं? कंपनी बदला म्हटलं. माणूस पाठवला. त्यानं वायर तपासली, डबा तपासला आणि सांगितलं, काकाजी, लाइन एकदम बरोबर आहे. हे मला कधी कळलं? काल, आईकडून! तुम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि मला सांगितलं, "तो म्हणते, पांढुर्ण्यात सगळीकडे असंच हाये." बाबा, इतकं सहज खोटं? हे औषध तुमच्या संत्र्याला चालणार नाही, असं सांगून गिऱ्हाईकाला दारातून परत पाठवणारे तुम्ही! दुकानात कधी खोटं बोलला नाहीत, ते सगळं काय माझ्यासाठी साठवून ठेवलं होतं?

परवा रविवारी मॅच होती. मी टीव्ही लावायला गेले, तेव्हा सवयीनं एका हातात फोन तयार ठेवला होता. काळा पडदा येणार, तुम्हाला सांगावं लागणार. अजून हात विसरलेला नाही. तुमचा नंबर काढून झालाही होता. आणि टीव्ही लागला, पहिल्या झटक्यात.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुम्ही गेल्यापासून तो एकदाही अडला नाही.

"कंपनीनं सुधारणा केली असंन," जावई म्हणाले. असेल. मी पाहत बसले, पण डोक्यात काहीतरी टोचत राहिलं. आत्या कीर्तन पाहत असणार. प्रशांत मॅच पाहत असणार. मी पाहतेय. मग आई? ती तर संध्याकाळची मालिका चुकवत नाही. मी आईला फोन लावला.

"काय करून राहिली, आई?"

"काही नाही. टीव्ही पाहून राहिली."

"काय लागलं हाये?"

"थेच आपलं. सासू सुनेले रडवून राहिली."

मागं टीव्हीचा आवाज नव्हता. भिंतीवरचं घड्याळ मात्र नीट ऐकू येत होतं. "आवाज येत नाही," म्हटलं, तर म्हणाली, "बारीक केला." आणि फोन ठेवून दिला.

मी लगेच आत्याला लावला. ती मालिका अजून चालू आहे का, विचारलं. आत्या म्हणाली, "अवं, ते तर कधीचीच संपली, दसऱ्याच्या आधी! शेवटी सासूच रडली." तिला हसू आवरेना.

काल सकाळची पहिली बस धरली. तिगावच्या बाजूनं संत्र्याच्या गाड्या भरून येत होत्या, रस्ताभर खोळंबा. मी खिडकीतून ड्रायव्हरवर चिडत होते, जसा काही बागांमध्ये संत्र्याचा तोडा त्यानंच लावला होता! घरी पोचले तर आई पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. मला पाहून तिला आनंद झाला आणि लगेच ती सावध झाली. दोन्ही तिच्या तोंडावर दिसलं.

मी सरळ आत गेले. टीव्हीवर तिनं क्रोशाचा रुमाल पांघरला होता. रुमालावर धूळ नव्हती, म्हणजे रोज झटकत होती. प्लग मात्र काढून गुंडाळून ठेवलेला.

"कधीपासून बंद हाये, आई?"

"कायले पाह्याचं? डोळे दुखतात."

"आत्या म्हणे ते मालिका संपली."

आई शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "संपली का? बरं झालं. ते सून गरीब होती बिचारी." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न पाहता, "तुम्ही तिघं पाहता न. मी लावला का कोणाचा तरी अडते. तुह्या बाबानं कधी अडू देला का कोणाचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तुमचा फोन आला का थे आपला बंद करत. मंग अंगणात खाटेवर बसून तुले फोन लावत. मी म्हणत होती, पोट्टीले सांगून टाका न. तर म्हणत, कायले? वैशू चांगली सांगते."

बाबा, मी तिथंच, शेंगांच्या टरफलांत बसले. रडू आलं ते आलंच, पण त्याच्याही आधी तुमच्यावर संताप आला. एवढा मॅचचा वेडा माणूस, आणि अंगणात बसून कानानं मॅच पाहायचा? मला एका शब्दानं सांगितलं असतं, तर मी लावला असता का माझा? आणि ते सांगितलं नाही म्हणूनच ना मी लावत राहिले! कोणाला विचारून केलंत हे?

"पण का, आई?"

आईनं टोपली बाजूला सारली. "तिगावच्या वावरातली विहीर आठवते तुले? तीन भावायची एकच विहीर. पण होती तुह्या आजोबाच्या हिश्श्यात. म्हणून आजोबा शेवटी पाणी घेत. आधी दोघं भावायची बारी, मंग आपली. मधातच मोटरची लाइन गेली का आपलीच झाडं कोरडी. सासूबाई चिडत. तर मामाजी, तुहे आजोबा, म्हणत, विहीर आपल्याकडे हाये, आपण आधी घेतलं तर त्यायले वाटंन का हे मालक अन् आम्ही यायले मागून पिऊन राहिलो. तुह्या बाबानं थेच उचललं. टीव्हीचं खातं त्यायच्या नावावर, मंग ते शेवटी. आता थे या घरी हाये, मंग मी शेवटी."

"पण बाबा गेले, आई. आता बारी कसली?"

"थे गेले. विहीर कुठं गेली?"



प्रशांतला फोन लावून स्पीकरवर टाकला. ऐकून तो नेहमीसारखा घाईवर आला. "आई, तुझ्यासाठी वेगळं घेऊन देतो. आत्ताच्या आत्ता."

"वेगळं?" आई म्हणाली. "मंग आत्याचंही वेगळं, ताईचं वेगळं, तुहं वेगळं. हे तर वाटणी झाली. तुह्या बाबाले जाऊन वर्षही नाही झालं अन् तू वाटणी करून राहिला?"

"टीव्हीची कसली वाटणी, आई!" तो ओरडला. मग मीही मध्ये पडले. म्हटलं, राहू दे, मी माझा बंद ठेवते, तू पाहा. त्यावर आई काय म्हणाली असेल? "तू कायले बंद ठेवशील? तू तर पाव्हणी."

पाहुणी! तुम्ही असतात तर तिला बोलू दिलं नसतंत, का तुम्हीही हसून सोडून दिलं असतंत? संध्याकाळभर मी धुसफुसत होते. आई सात वाजता दिवा लावून पडवीत बसली. शेजारच्या घरातून कोणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता आणि ती पदरानं पाय झाकून तो ऐकत होती. इतके महिने ती अशीच बसत असणार. मी पाहत होते आणि माझे हात नुसते शिवशिवत होते.

आज सकाळी आई तुळशीला पाणी घालत असताना मी म्हटलं, "बाबांचा फोन दे." तिनं भिंतीतल्या देवळीतून काढून दिला. अजून चार्ज करून ठेवते हो ती! मी खात्यात जाऊन तुमचा नंबर काढला आणि माझा टाकला. तुमच्या फोनवर कोड आला, तो वाचताना मला वाटलं मी तुमच्या खिशात हात घातलाय. पण घातला. प्रशांतला आधी विचारलं होतं. तो म्हणाला, "ताई, तूच घे. माझ्यानं आईशी बोलणं नाही होत."

"काय करून राहिली?" आईनं विचारलं.

"विहीर सौंसरले नेली."

"म्हणजे?"

"खातं आता माह्या नावावर हाये. आता शेवटची बारी कोणाची?"

आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिला कळलं. पण कळणं आणि पटणं यात आपल्या आईच्या बाबतीत किती अंतर असतं, ते तुम्हाला माहीत आहे. उरलेलं पाणी तुळशीला घालून म्हणाली, "लेकीच्या विहिरीचं पाणी कसं घ्यावं?"

मी म्हटलं, "बाबा घेतच होते न, आई. मी सांगत होती, थे ऐकत होते."

तिनं पदर डोळ्याला लावला. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "पाहू," म्हणाली. मी रुमाल काढून घडी केला, प्लग लावला, रिमोट कसा चालवायचा ते दाखवलं. ती दुसरीकडेच पाहत होती. बसची वेळ झाली, मी निघाले. निघताना बजावलं, सात वाजता लाव आणि मले फोन कर. त्यावरही "पाहू".

त्या "पाहू"वर मी दुपारपासून जगतेय, बाबा. सात वाजून गेलेत. आत्याचं कीर्तन सुरू झालं असेल, प्रशांतकडे मॅच असेल. माझा बंद आहे, म्हणजे तिसरी जागा मोकळी आहे. आणि आई परत पडवीत जाऊन बसली असेल तर? विहीर हलवून काय उपयोग, पाणी घ्यायला कोणी आलंच नाही तर? मी फोन उलटा ठेवते, सुलटा ठेवते. जावयांनी विचारलं, मॅच नाही पाहणार? म्हटलं, नाही. बिचारे तेही नाही पाहून राहिले.

थांबा, फोन वाजला.

बाबा, आईचाच होता. पण आधी मला आईचा आवाजच ऐकू येईना! मागं एवढा धिंगाणा की कानापासून फोन लांब धरावा लागला. कोणीतरी बाई किंचाळत होती, ढोल वाजत होते आणि त्यावरून आई ओरडत होती, "वैशू! याचा आवाज कमी कसा करतात वं? तुह्या बाबानं कधी रिमोट हातात देला नाही मले!"

मी सांगितलं नाही. गल्लीभर ऐकू गेला तरी जाऊ दे आज.

"तुले मॅच पाह्याची असंन, ठेवून देऊ का?" तिनं विचारलं. खोटं ओठावर आलं होतं, बाबा. पाहूनच राहिली, असं म्हणणं किती सोपं होतं! पण म्हटलं, "माहा टीव्ही बंद हाये, आई. माही बारी शेवटची."

तिकडे ती बाई किंचाळतच होती. मला वाटलं, गेलं सगळं, आता ही उठून प्लग काढते. मग म्हणाली, "बरं. मंग ऐक. एक पोरगी लग्नाच्या मांडवातून पळाली हाये. पण कोणाच्या मांडवातून, थे मलेही समजलं नाही अजून."

मी ऐकत बसले. चांगली अर्धी मालिका ऐकली. आई माझ्यापेक्षा चांगलं सांगते, एवढं मात्र लिहून ठेवते.

तर माझा शब्द घ्या, बाबा. तुमच्या घरचा टीव्ही यापुढे आमच्यापैकी कोणासाठी बंद होणार नाही. जेव्हा कोणाला थांबावं लागेल तेव्हा मी थांबेन, आणि ज्याच्यासाठी थांबेन त्याला तोंडावर सांगेन. तुमची बाकी सगळी रीत घेतली, लपवायची तेवढी घेत नाही. त्यावर रागवायचं असेल तर रागवा.

आता जेवायला बसते. भूक लागली आहे.

तुमची लेक,
वैशू
सौंसर